बोंब छापणारे आजोबा

जर्मनीत, आमच्या एर्लांगेनच्या इमारतीतले आयरिश आजोबा समोरच्याच्या हातातला कागद पलीकडून, उलटा वाचायचे. मी आयकराचं पत्र उघडून डोकं खाजवत बसलो, की टेबलापलीकडून जर्मन 'तर मग'सकट आवाज यायचा, "आल्झो, तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकलाय." उभा जन्म छपाईचे उलटे खिळे जुळवण्यात गेलेला, सरळ मजकूर त्यांना अळणी लागायचा.

तळघरात त्यांचं पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. त्यांचे आजोबा डब्लिनचे छापखानेवाले. इंग्रजांनी वर्तमानपत्रावर बंदी घातली, की तोच मजकूर ते नव्या नावाने काढायचे. धाडीत खिळे गेले, तर उसने आणून छापायचे. "बंदी नावावर येते, शाईवर नाही," हे आमच्या आजोबांचं पालुपद.

मग हाउसफरवाल्टुंगने, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीने, यंत्र हलवायला सांगितलं. आवाज होतो म्हणे! दुसरी जागा नव्हती, आणि भंगाराचं नाव काढलं की आजोबा तळघराची किल्ली खिशात टाकायचे. त्यांनी जिन्यात एकपानी निषेधपत्र लावलं. कचेरीतल्या बाईंनी ते काढून त्यावर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी तेच पान, नाव वेगळं. असं होता होता नावं संपली आणि आजोबा माझ्या दारात.

"अन्याय झाला की तुम्ही लोक काय करता?"

"बोंब मारतो," मी म्हणालो. पुणेकराला दुसरं काय सुचणार?

सकाळी जिन्यात टपोऱ्या रोमन अक्षरांत झळकलं: 'BOMB', म्हणजे आपली बोंब. खाली जर्मनमध्ये, 'उद्या सहा वाजता, तळघरात'. त्यांना सभा म्हणायची होती. पण आयरिश माणूस, तळघर आणि बोंब! पोलीसच आले. मागोमाग पांढऱ्याफटक पडलेल्या कचेरीतल्या बाई.

मी जिन्यात उभा राहून, पालथा हात तोंडावर मारत, प्रात्यक्षिक दिलं. बायको म्हणाली, "अहो, जरा होळीसारखी मारा ना!" एका पोलिसानेही मारून पाहिली. बाई हसता हसता पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे यंत्र. फक्त रविवारी नको."

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले. यंत्र त्यांनी माझ्या नावावर केलं होतं. परवा बाई जिन्यात भेटल्या. "आता तरी हलवाल ना?" त्यांनी हळूच विचारलं. या देशात 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', याखेरीज ज्याच्या तोंडून कधी काही निघालं नाही, तो मी चक्क नाही म्हणालो, "नाइन." आणि तिथेच मला रडू कोसळलं.