एडनाचा पहिला ठोका

एडना पर्किस सतराव्या वर्षी कारखान्यात आली आणि तिची रवानगी थेट विमानाच्या शेपटीत झाली. कारण एकच, ती चणीने लहान होती. विलायतेतल्या किंग्स्टनमध्ये त्या दिवसांत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी विमानांच्याच कामाला होतं, आणि दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. 'टायफून' नावाचं ते विमान म्हणजे धिप्पाड गडी. जाड पंख, पुढे भलामोठा जबडा. खरं तर उंच आभाळात झुंजायला म्हणून ते बनवलेलं. पण उंचावर गेलं की त्याला धाप लागायची, आणि वेगात सूर मारला की कधीकधी शेपटीच तुटून जायची. म्हणून शेपटीच्या सांध्याभोवती पट्ट्या ठोकायच्या होत्या. एडना आत शिरून पाठीवर पडायची, पोलादी ठोकळा पत्र्याला दाबून धरायची, आणि बाहेरून सिरिल मॅबट रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ठोकायचा.

मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, आणि त्या गदारोळात शब्द ऐकू येण्याची बातच नको. म्हणून ठोकळ्यानेच बोलायचं. एक ठोका, रिव्हेट छान बसला. दोन, अजून मार. तीन, बिघडला, काढून टाक.

"काय गं उंदरीण, जिवंत आहेस का?" ती बाहेर आली की सिरिल विचारायचा.

"तुझं काम बघून जीव द्यायची वेळ आली होती."

"मग तीनदा वाजवायचं होतंस!"

"हात दुखला असता. सगळेच काढावे लागले असते."

ती हे म्हणायची खरी, पण रात्री अंथरुणावर पडली की त्याची ठोकण्याची लय तिच्या मनगटात चालू असायची. दहा माणसं एकदम ठोकत असली तरी सिरिलचा ठोका कुठला ते तिला अचूक कळायचं.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, या गड्याला उंच नेताच कशाला? झाडांच्या शेंड्यांवरून उडवा, पंखांखाली अग्निबाण लावा, आणि सोडा रणगाड्यांवर. तेव्हा टायफूनला त्याची खरी भूमिका सापडली. एडनाचा भाऊ वॉल्टर नॉर्मंडीत पायदळात होता. सुट्टीवर आल्यावर म्हणाला, "एड, खड्ड्यात तोंड खुपसून पडलो होतो. वरून तुमची ती धुडं गेली ना, तेव्हा पहिल्यांदा मान वर केली." एडनाला वाटलं, हे आधी सिरिलला सांगावं. आणि सांगता सांगता दुसरंही सांगून टाकावं.

वॉल्टरचं सांगितलं. दुसरं राहिलं. आज कामाची घाई, उद्या खात्यातली मेव्हिस शेजारी बसलेली, परवा सिरिलचंच डोकं दुखतंय. युद्ध संपलं, आणि सिरिलने रंगखात्यातल्या आयरीनशी लग्न केलं. साखरेचं रेशन होतं. लग्नाच्या केकसाठी एडनाने सगळ्या खात्यातून चमचा चमचा साखर गोळा केली आणि केक स्वतः भाजला. चांगला झाला होता. सिरिलने दोनदा मागून घेतला.

पुढे 'हंटर' आलं. सडपातळ, जेटचं, बघत राहावं असं. तेही जन्मलं आभाळातल्या लढाईसाठी, आणि पाच-सहा वर्षांतच त्याच्या पंखांखालीही बाण आणि तेलाच्या टाक्या लटकल्या, रवानगी झाली वाळवंटात, जमिनीवरच्या शिपायांच्या मदतीला. "आपल्या पोरांचं असंच," सिरिल म्हणायचा. "आभाळ आभाळ करत निघतात आणि शेवटी चिखलात कामाला येतात." त्याच्यानंतर 'हॅरियर'. त्याला धावपट्टीचीही गरज नाही; रानात दडावं, शिपायांच्या पाठीशीच राहावं, हाक आली की जागच्या जागी उभं वर उठावं. तोवर एडनाच्या कमरेने हात टेकले होते. ती आता आत शिरत नसे, पंखात कामापुरती ठेवलेल्या छोट्या खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालायची. बाहेर मात्र सिरिलच.

आयरीन गेली तेव्हा एडनाने महिनाभर त्याच्यासाठी डबा आणला. चीज-लोणच्याचं सँडविच, नाहीतर थंड मटण आणि पाव. बोलायला तेव्हा कुणाची आडकाठी नव्हती. पण माणूस दुःखात असताना असलं काही बोलणं तिला बरं दिसेना. चार वर्षं तिला ते बरं दिसलं नाही.

आणि ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सिरिल निवृत्त झाला. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या बेटांवरून झालेली लढाई नुकतीच संपली होती, हॅरियरचं नाव पेपरात रोज झळकत होतं, सगळा कारखाना छाती पुढे काढून चालत होता. सिरिलने घर विकलं होतं. तो मुलीकडे, पॅट्रिशियाकडे, ऑस्ट्रेलियाला निघाला होता, कायमचा.

कारखान्याची एक रीत होती. माणूस शेवटच्या दिवशी खात्यातून निघाला की सगळ्यांनी हातात असेल ते हत्यार घेऊन पत्र्यावर, बाकांवर, लोखंडावर बडवायचं, तो दाराबाहेर पडेपर्यंत. हात मधे थांबवायचा नाही. आणि पहिला ठोका त्याच्या जोडीदाराचा. तो पडेपर्यंत बाकी कुणी हात उचलायचा नाही.

सिरिल कोट घालून मधल्या वाटेवर उभा राहिला. सगळी यंत्रं बंद झाली. एडनाने हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिली.

"एडना, मार की!" फोरमन पोकॉक ओरडला. "राणी यायची आहे का?"

"काय झालं गं उंदरीण?" सिरिल म्हणाला. "हात दुखतोय?"

"सिरिल, जाऊ नकोस."

जन्मभर गोंगाटात ओरडून बोलायची सवय. त्या शांततेत तिचा आवाज पार रंगखात्यापर्यंत गेला. मागे एक जण फिसकन हसला; मेव्हिसने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"कुठे जाऊ नको? चहाला?" सिरिलने विनोद करून पाहिला. कुणी हसलं नाही. त्याने टोपी काढली. "पॅट्रिशिया विमानतळावर येणार आहे गं. नातवाला मी अजून बघितलेलंसुद्धा नाही."

"माहीत आहे मला. मी थांब म्हणत नाहीये."

"मग आत्ता काय म्हणालीस?"

"म्हणाले खरं." तिने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "टायफूनच्या वेळचं आहे ते. सांगायचं राहून गेलं होतं."

सिरिल वाटेवरून एक पाऊल तिच्याकडे आला. मग त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि एडनाने हातोडी खाली आणली.

झालं! दोनशे हात एकदम उठले. छपराचे पत्रे थरथरले. सिरिलचे ओठ हलत होते, एक अख्खं वाक्य, कदाचित दोन. कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग त्याने टोपी घातली आणि तो निघाला, इतक्या सावकाश की बडवून बडवून लोकांचे खांदे भरून आले. दाराशी तो वळला आणि पुन्हा काहीतरी बोलला. एडना बडवत होती. रीत होती, हात थांबवता येत नव्हता.

"काय म्हणाला?" नंतर मेव्हिसने विचारलं.

"त्या आवाजात काय ऐकू येणार?"

"अगं वेडे, मग हातोडी कशाला मारलीस?"

"मारायचीच होती ना कधीतरी. पाळी माझी होती."

नाताळला त्याचं कार्ड यायचं, समुद्रकिनाऱ्याचं चित्र असलेलं. ती उलट लिहायची, गुलाबांना कीड लागली, वॉल्टरचा गुडघा तसाच. ते वाक्य काय होतं, हे तिने विचारलं नाही आणि त्याने लिहिलं नाही.

मग नवं हॅरियर आलं. त्याचा पंख अमेरिकेतून यायचा, कार्बनचे थर भट्टीत भाजून केलेला, काळाभोर. जुन्या पंखांचं काम संपत आलं आणि खात्यातली ठोकाठोक एकेका बाकावरून उठत गेली. एका दुपारी चहाच्या वेळी मेव्हिस आजूबाजूला बघून म्हणाली, "किती शांत झालंय गं इथे. माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येतं आता."

"जरा उशीरच झाला," एडना म्हणाली, आणि किटलीत उरलेला चहा दोघींच्या कपांत वाटून ओतला.