शेवटी उरेल तो कॅप्टन

पोरं ज्यांना शिट्टी सर म्हणायची, त्यांच्या गळ्यात शिट्टी कायम लोंबत असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. मुलं पांगली की ते नुसती टाळी वाजवायचे. मग शिट्टी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "पालकांसाठी. नायतर मला शिपाई समजतात."

नाहूरला माझी लेक सई ज्या शाळेत जाते, तिथे ते यंदापर्यंत पीटी शिकवायचे. गणिताच्या बाई परीक्षेच्या तोंडावर पीटीचा तास मागायला आल्या, की सर हात जोडून म्हणत, "न्या ना. तुमच्या तासाला मी लंगडी घेतो." बाई रिकाम्या हाताने परत.

सई सहावीत गेली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, हिचं वजन आवरा, साखर काठावर आलीय. ऐकताना माझंच पोट त्यांच्या टेबलाला टेकलं होतं. मी लगेच मोहीम उघडली. सईचा वडापाव बंद केला आणि वाया नको म्हणून तो स्वतः खाल्ला.

अशात ती एकदा रडत घरी आली. संघ पाडताना कुणी तिला घेतलंच नाही. शेवटी ती एकटी उरली. झालं, बाप जागा झाला. ओळखीच्या डॉक्टरकडून गुडघेदुखीचा दाखला आणून सरांपुढे ठेवला, हिला पीटीतून सूट द्या. जिला धावायला हवं, तिलाच बसवायला मी निघालो होतो. वर दाखला लॅमिनेट करून.

सरांनी तो उलटसुलट बघून मला परत दिला. "गुडघो तुमचो दुखता हा. तुमी बसा."

मग टाळी वाजवून त्यांनी पोरांना नवा नियम सांगितला: आज जो शेवटी उरेल, तो पुढच्या तासाला कॅप्टन. सई कॅप्टन झाली. तिने आधी नेहमी मागे राहणारे सगळे गोळा केले आणि लंगडीत सपाटून हरली. घरी आली ती लालबुंद, घामाघूम, बोलत सुटलेली. पुढे पुढे तर पोरं मुद्दाम शेवटी उरायला बघू लागली.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आला. सई काही सडपातळ झालेली नाही, पण साखर काठावरून मागे सरकलीय. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला, आणि माझं पोट केवढं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

सर निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा आभार मानायला गेलो. म्हणाले, "मी काय केलंय नाय. कोणाक बसूक दिलंय नाय, इतक्याच."

परवा रविवारी सोसायटीत लंगडीचे संघ पडत होते. मी सहज कडेला उभा होतो. सगळे वाटून झाले. सईने टाळी वाजवली.

"बाबा उरले. पुढच्या रविवारी बाबा कॅप्टन."