गिटारची राहिलेली चार घरं

आमच्या हिच्या मामांनी मला जेवढा संताप आणला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कोणीही आणलेला नाही, आणि यात मी आमच्या कारखान्यातला हेडक्लार्कही धरलेला आहे. कर्जत ते खोपोली या सबंध पट्ट्यात मामांची कानस लागली नाही असं लाकूड फक्त झाडावर उरलं असेल, तेही मामांना झाडावर चढता येत नाही म्हणून. उभा जन्म रेल्वेत सुतारकाम केलेला हा किडकिडीत, तिरसट माणूस निवृत्त होऊन कर्जतला स्वस्थ बसला असता तर माझी काहीएक तक्रार नव्हती. पण दर चार दिवसांनी मामा खोपोलीच्या गाडीने आमच्या क्वार्टरवर हजर! खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत एक सदरा आणि सात कानशी. जगातली प्रत्येक लाकडी वस्तू करणाऱ्याच्या आळसामुळे जाड राहिलेली आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. खुर्चीत टेकायच्या आधी ते तिचा हात चाचपायचे आणि चहा येईपर्यंत त्या अनोळखी सुताराचा उद्धार करायचे. "ह्ये कुनी केलंय? हात मोडलं व्हतं का त्याचं?"

बरं, नुसतं बोलून थांबतील तर ते मामा कसले! हिच्या लाटण्याला त्यांनी हिच्या मुठीच्या खाचा पाडल्या. लाटणं असं बेतशीर झालं की शेजारणीने एकदा उसनं नेलं तर तिच्या सगळ्या पोळ्या एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला फाटलेल्या निघाल्या. माझ्या खुर्चीची बैठक मी कामावर गेलेलो असताना त्यांनी खोलगट केली, ती नेमकी माझ्या मापाची. पुढे आमचे साहेब घरी आले, मानाने त्याच खुर्चीत बसले आणि सारखे कुल्ले बदलत पाच मिनिटांत उठून गेले. माझं प्रमोशन त्या खुर्चीतच अडकलं असा मला आजही दाट संशय आहे.

या वेडाचं मूळ घाटात होतं. ठाकूरवाडीला असताना मामा गँगमनच्या घणांचे आणि कुदळींचे दांडे करून द्यायचे. दुसरा सुतार एका मापाचे वीस दांडे तासून मोकळा झाला असता. मामा प्रत्येक गड्याला ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावायचे आणि त्या ठशाबरहुकूम दांडा तासायचे. परिणाम असा की कोणी चुकून दुसऱ्याची कुदळ उचलली की गँगमध्ये हाणामारी. एका साहेबाने मामांना बोलावून सगळे दांडे एकाच मापाचे करायचा हुकूम सोडला. मामा म्हणाले, "सायेब, मग तुमचं बूट ह्या समद्यांना आळीपाळीनं घालायला द्या." मामांची बदली झाली. ही हकिगत त्यांनी मला चाळीस वेळा तरी सांगितली असेल, आणि दरवेळी तितकेच चिडून. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, साहेबाचं काय चुकलं?

आता माझ्या गिटारकडे येतो. बोटीवर नोकरीला असलेल्या मित्राने परदेशातून आणलेली ती इलेक्ट्रिक गिटार त्या काळात खोपोलीत एकुलती एक होती. मी आमच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, हळदी-लग्नं गाजवायचो, आणि हजेरीच्या रजिस्टरातून कायमची सुटका व्हावी म्हणून झुरायचो. ती सुटका दाराशी आली होती. मुंबईच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचे मालक रविवारी शिळफाट्यावरच्या हॉलमध्ये मला ऐकायला येणार होते. पसंत पडलो तर नोकरीला रामराम! मी हात सुटेपर्यंत सराव करत होतो. मामा समोर बसून ऐकायचे म्हणावं, तर कानाने ते बेताचंच ऐकायचे. टक लावून बघायचे माझ्या बोटांकडे. शेंडे चिरलेले होते. "जावईबापू, तुमी जोर लय करता," ते म्हणायचे. "तार दाबायची का लाकूड फोडायचं?" एकदा त्यांनी हिच्याकडून कणकेचा गोळा मागून घेतला आणि मला चारही बोटं त्यात दाबायला लावली. मला वाटलं, चिरांवर काही घरगुती उपाय असेल. मी आपला दाबून मोकळा झालो. मूर्ख मी!

शुक्रवारी पहिल्या पाळीवरून घरी आलो तर मामा ओट्यावर बसलेले, गिटारची मान दोन गुडघ्यांत धरलेली. गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात, आणि दोन पडद्यांमधल्या सपाट लाकडाला आम्ही घर म्हणायचो. मामा त्या घरांचं लाकूड कानशीने कोरत होते. खालून सुरुवात करून ते वरपर्यंत आले होते. सगळी घरं होडीच्या पोटासारखी खोलगट झालेली, फक्त वरची चार सपाट राहिलेली. पडद्यांना ओरखडा पडू नये म्हणून प्रत्येकावर चिकटपट्टी लावली होती, आणि सहाही तारांची वेटोळी करून त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्या टापटिपीने तर माझं डोकंच फिरलं.

"मामा! काय केलंस हे!" मी ओरडलो. भाचजावयाने मामेसासऱ्यांना एकेरीत बोलावं, हे आमच्याकडे तोपर्यंत झालं नव्हतं. ही आतून धावत आली. मामा शांतपणे म्हणाले, "आता बोट लाकडाला लागायचं नाय. चार घरं राहिलीत, च्या होईस्तवर करतो." मी गिटार त्यांच्या हातातून हिसकावली. "पुन्हा माझ्या दारात कानस घेऊन येऊ नका," असं म्हणालो. हो, म्हणालो मी. मामांनी भुसा गोळा केला, पिशवीत कानशी भरल्या आणि चहा न घेता गेले.

रविवारी व्हायचं तेच झालं. बोटाखाली लाकूड नाही, आणि मी सवयीने जोर करतोय. तार खोलात जायची, सूर वर चढायचा. मालकांनी दीड गाणं ऐकलं, चहा घेतला, "वाद्य बदला," म्हणाले आणि गेले. दुसरी गिटार कुठून आणणार? मी मामांशी बोलणं टाकलं आणि तीच गिटार रागारागाने वाजवत राहिलो. हळूहळू, नाइलाजाने, हात हलका झाला. तार हलकेच ओढली की सूर शहनाईसारखा वळायला लागला. एका हळदीत तर म्हाताऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. पेणच्या एका गिटारवाल्याने हौसेने वाजवायला घेतली, तर त्याला सूरच सापडेना. तेव्हा मी पहिल्यांदा नीट चाचपून पाहिलं. प्रत्येक घर कमी-जास्त खोल कोरलेलं होतं, माझ्या बोटांप्रमाणे. कणकेचा गोळा आठवला. सहा वर्षं रागावण्यात घालवल्यावर हे कळावं, याचा पुन्हा संताप आला!

गिटार घेऊन मी कर्जतला गेलो. मामा फार वाकले होते, आणि कान तर जवळजवळ गेलेच होते. मी वाजवत होतो आणि ते बोटांकडे बघत होते. "आता जोर नाय करत तुमी," ते म्हणाले. मग एकदम चिडून, "ती चार घरं राहिलीत माझी. त्या दिशी वरडला नसता तर झाली असती. आना हिकडं!" मी निमूटपणे दिली. त्यांनी चिकटपट्टी लावली, कानस घेतली. कानस तीनदा लाकडावर टेकली आणि तीनदा पडद्यावर घसरली. मामांनी ती खाली ठेवली. "नको. तुमचं लाकूड खराब व्हईल."

या माणसाच्या तोंडून मी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. "होऊ दे खराब! करा म्हणतो ना!" मी पुन्हा ओरडलो, डोळ्यांत पाणी आलं म्हणून जास्तच मोठ्याने. मामांनी कानस सदऱ्याला पुसली आणि पिशवीत टाकली. "च्या घ्या," म्हणाले.

आता मामा नाहीत. ती चार घरं अजून सपाट आहेत. दुसऱ्या कोणाची कानस मी तिथे लागू दिलेली नाही. वाजवता वाजवता तिथे आलो की बोट लाकडावर आपटतं आणि मला संताप येतो. त्या शुक्रवारी मी तासभर उशिरा घरी यायला हवं होतं.