खादाड गाठ

लॅबमध्ये काचसामान फुटतं आणि किस्से साठतात! सत्तरच्या दशकात सांगलीतल्या एका हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजीचा टेक्निशियन होतो. तिथला एक किस्सा काढायला गेलं, की चार बाहेर पडतात.

*

आमचे देवधर सर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या मागे लागले होते. ऑपरेशननंतर आतड्याचे दोन तुकडे यायचे, एक गाठीचा, एक निरोगी भागाचा. दोन्ही ग्लुकोजच्या पाण्यात सारखाच वेळ ठेवायचे आणि उरलेली साखर मी मोजायची.

पहिल्याच दिवशी गाठीच्या बाटलीतली साखर जवळजवळ गायब! मी घाबरलो. "सर, माझ्याकडून ग्लुकोज घालायचंच राहिलं वाटतं."

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा सर हसले. "तुझं काही चुकलं नाही रे. हीच खादाड आहे!"

*

एवढी साखर जाते कुठे, असं मी विचारलं. सर म्हणाले, "निरोगी पेशी ऑक्सिजन घेऊन साखर पुरती जाळते. ही मात्र भरमसाट घेते, बरीचशी अर्धवट जाळून आम्ल बाहेर टाकते आणि बाकीच्यातून नव्या पेशी बांधते."

आमचे शिपाई शंकरमामा टेबल पुसत होते. "म्हंजी खाती बी लय, घान बी करती, आन् वर पोरवडा वाढवती!"

"मामा, उद्याचं लेक्चर तुम्हीच घ्या!"

*

ही गोष्ट वॉर्डात पोचली आणि घोटाळा झाला. शिराळ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार अशाच गाठीच्या ऑपरेशनसाठी आले होते. त्यांनी चहा, गूळ, भाकरी सगळंच बंद केलं. "शत्रूचं रेशन तोडलंय!"

पाच दिवसांत गालफडं बसली. सर्जन ऑपरेशन पुढे ढकलायला निघाले.

देवधर सर त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. "सुभेदार, तुम्ही जेवला नाहीत तर शरीर आपलंच मांस झिजवून साखर करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच. रेशन तुमच्याच पलटणीचं तुटलंय."

सुभेदार उठून बसले. मग बायकोला म्हणाले, "हौसा, भाकरी काढ."

*

ऑपरेशन झालं. गाठीच्या डब्यावर सुभेदारांचं नाव वाचलं आणि एकेक काम दोनदा तपासून केलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर भराभर काम उरकलं असतं!

सरांनी स्लाइड बघितल्या. "कडा स्वच्छ आहेत. गाठ पूर्ण निघाली."

रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच मी वॉर्डाच्या जिन्यावर होतो.

*

घरी जायच्या दिवशी सुभेदारांनी गाठ बघायला मागितली. सरांनी बरणी टेबलावर ठेवली. सुभेदारांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली.

हौसाबाई पुढे झाल्या. महिनाभरात आम्ही त्यांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

"डाक्टर, ह्यात पानी हाय व्हय?"

"नाही बाई, फॉर्मॅलिन आहे."

"ग्वाड असतंय का?"

"छे! विषारी असतं."

त्यांनी झाकण घट्ट आहे ना, ते स्वतः फिरवून बघितलं.

"मग बरं हाय. ऱ्हाऊ दे तिला ह्यातच!"