डिस्क कुठनं घालायची?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू निवृत्त नर्स आहेत. रोज दुपारी त्या टीव्हीवर गेममधली मोटार पळवतात. वळण आलं की स्वतःही सोफ्यावर कलंडतात आणि पुढच्या गाडीवर ओरडतात, "सरक की बाजूला!" गेमच्या डिस्क त्या साऱ्या बिल्डिंगला वापरायला देतात, फक्त डिस्कबरोबर काहीतरी खायला परत यायला हवं. मी शेंगदाण्याची चटणी देतो.

परवा त्यांचं गेमचं मशीन बंद पडलं. ते घेऊन आम्ही राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं नवीन, निम्म्या जाडीचं मॉडेल पुढं ठेवलं. मला ते बघताक्षणी आवडलं. काकूंनी मात्र ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"डिस्क कुठनं घालायची?"

"आता डिस्क न्हाय, काकू. गेम नेटवरनं घ्यायचा."

"आणि शेजारी द्यायचा कसा?"

"देता येत न्हाय. ज्यानं त्यानं आपापला घ्यायचा."

"मग ती वस्तू माझी कसली? जुनंच दुरुस्त कर. मी बसतो हितंच."

आणि त्या दारातच स्टूल टाकून बसल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

"पावणं," काकू गरजल्या, "नवीन घेताय? आधी डिस्क कुठनं घालायची ते इचारा की!"