चौथीचा हौद

खडूच्या डब्यात तुकडे साठतात तसे मास्तरकीत किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि संपतही नाहीत! आमची जिल्हा परिषदेची शाळा देवणीजवळच्या एका गावात. यंदा चौथीला प्रकल्प दिला: गावातली एक अडचण शोधा आणि तुम्हीच सोडवा. झालं, तेवढ्यानं माझा डबा भरला!

*

वर्गात विचारलं, “गावातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?”

पहिल्या बाकावरचा ओंकार ताडकन उठला. “सर, तुमी! लई होमवर्क देता.”

हशा ओसरल्यावर शिफा हळूच बोलली. तिच्या अब्बांचं बाजारतळावर बांगड्यांचं दुकान आहे. “सोमवारी बाजाराला बैलं येतात, कोरड्या हौदात तोंड घालतात अन् तशीच जातात. मला बघवत न्हाई, सर.”

तिथंच विषय पक्का झाला.

*

हौद दुरुस्तीचा अर्ज घेऊन पोरं ग्रामपंचायतीत गेली. खुर्चीत सरपंचबाईंचे यजमान! “द्या इकडं, मी बघतो.”

ओंकारनं अर्ज पाठीमागं लपवला. “अर्ज सरपंचाला हाय. तुमी सरपंच हाय का?”

वरात थेट सरपंचबाईंच्या घरी. बाईंनी भाकरी थापता थापता सही केली, अर्जावर ज्वारीचं पीठ अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतः खुर्चीत बसायला लागल्या. यजमान आता बाहेरच्या बाकावर असतात.

*

गावातले गवंडी रहीमचाचा. त्यांनी हौदाला नवा गिलावा करून दिला आणि पोरांना बजावलं, “आठ दिवस पाणी मारा, न्हाईतर तडा जाईल.”

पोरांनी पाळ्या लावल्या. एके दिवशी पाण्याची बाटली घेऊन ओंकारचे आजोबा हजर!

“त्याला ताप हाय. पण पाळी चुकली तर शिफा नाव लिहिती म्हणला.”

*

सोमवार उजाडला. हौद काठोकाठ भरलेला. पहिली बैलजोडी आली, पाणी हुंगून फुरफुरली आणि मागं वळली! दुसरीही तशीच. हौद चकचकीत दिसावा म्हणून पोरींनी घरोघरचे वासाचे साबण आणून तो घासला होता.

बैल घेऊन आलेले मारुतीमामा म्हणाले, “पोरींनो, बैलाला न्हाऊ घालायचं हाय का पाणी पाजायचं हाय?”

सगळा बाजार हसला. शिफा मात्र रडत होती. “सर, आता बैलं कधीच येणार न्हाईत का?”

मलाही फार वाईट वाटलं. पोरांनी ते पाणी सोडून दिलं आणि आठवडाभर रोज नुसत्या पाण्यानं हौद धुतला.

*

पुढच्या सोमवारी सकाळी हौद पुन्हा भरला. मी शाळेत अडकलेलो. दुपारी केंद्रप्रमुख साहेब प्रकल्प बघायला आले, तेव्हा त्यांना घेऊन बाजारतळावर गेलो. शिफा हौदाच्या काठावर बसली होती. साहेबांनी फोटोसाठी मोबाईल काढला, आत डोकावले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो सर, यात तर थेंबभर पाणी नाही!”

शिफानं टुणकन खाली उडी मारली. “हाव साहेब! समदं पिलं!”