एकाच बाकाचा वर्ग

शिंप्याच्या धाकट्या मुलीला घरात सगळे ‘शेपूट’ म्हणत. शाळेत ती कायम शेवटच्या बाकावर बसली. तिचा आवाज ऐकलेला मास्तर शोधूनही सापडला नसता, आणि तिला तेच बरं वाटायचं. न बोलणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही, हे तिला लवकर कळलं होतं.

मग ती गावाबाहेरच्या छोट्या कॉलेजात गेली आणि फसली. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असं सगळं थोडं थोडं शिकवणारं कॉलेज. तिच्या वर्गात मुलं चार आणि बाक एकच. पहिला म्हणा नाहीतर शेवटचा, बसायचं तिथेच. दांडी मारायची तर सोयच नाही. एकदा सर्दीने घरी राहिली, तर दुपारी वर्गाच्या बाई बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात येऊन चौकशी करून गेल्या, वर कोट शिवायला टाकून गेल्या.

तिची आतेबहीण मोठ्या कॉलेजात होती. तिथे एका वर्गात दोनशे पोरं, कोण आलं कोण गेलं पत्ता नाही. शेपूटला तो स्वर्गच वाटला. वर्ष संपत आलं तसा तिने मला तिथे घाला म्हणून बाबांच्या मागे धोशा लावला. सुईत दोरा ओवता ओवता बाबा म्हणाले, जायचं तर जा, पण बाईंना तूच सांगायचंस; माझी कात्री चालते, जीभ नाही.

तिने कसंबसं सांगितलं, तेव्हा बाईंनी वर्गाचा रिवाज पुढे केला. तिथे कुणी मत मांडलं की ते बाकीच्यांना पटवावं लागे, नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून सुटका नसे.

“उद्या उभी राहा आणि आम्हाला पटव,” बाई म्हणाल्या. “पटलं तर मी स्वतः तुला तिथे सोडायला येईन.”

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पहिलं वाक्य अर्धंच झालं. तेवढ्यात तिच्याच बाकावरचा पोस्टमनचा मुलगा म्हणाला की वर्ग लहान असणं हा काही दोष नव्हे, आणि तिचं डोकंच फिरलं. दोष नव्हे? लायब्ररीत एक पुस्तक आणि त्यावर चौघांची झोंबाझोंबी, रोज तीच तीन तोंडं, आळस करावा म्हटलं तर कोपरा नाही, आणि याची शिंकसुद्धा आता मला तोंडपाठ झालीय! सगळे हसत सुटले. त्याने पुन्हा हरकत घेतली, तिने पुन्हा त्याला गप्प केलं. शिपाई दारात ऐकत उभा राहिला, आणि घंटा द्यायची राहूनच गेली.

“पटलं बुवा,” पोस्टमनचा मुलगा शेवटी म्हणाला. “जा तू.”

जा, असं बाईही म्हणाल्या, डोळे पुसत. हसून हसून पाणी आलं होतं.

ती खाली बसली. कान तापले होते, घसा कोरडा पडला होता, आणि इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. अजून कितीतरी बोलायचं राहिलं होतं. दोनशे पोरांत आपल्याला कुणी उभंच केलं नसतं, हे तिला लख्ख दिसलं.

संध्याकाळी बाबा बाईंचा कधीचा राहिलेला कोट शिवत होते. कधी निघायचं, असं त्यांनी विचारलं.

“नाही जात,” ती म्हणाली. “पण आता त्यांना पटलंय ना, मी जावं म्हणून. उद्या राहायचं पटवावं लागणार. आधी तुमच्यावर करून बघते.”

ती बोलू लागली. मशीनच्या खडखडाटात नीट ऐकू येईना, म्हणून बाबांनी पाय थांबवला. कोट त्या दिवशी काही पुरा झाला नाही.